चालीआधी ठेका: नाशिकच्या एका घरशाळेतलं लॅटिन आणि गाणं

कुटुंब गंगापूर रोडवरचं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. दोन वर्षांपासून दोघंही घरीच शिकतात. आई हार्मोनियम वाजवते, तिची संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली आहे. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. आजोबा पंचवटीत राहतात आणि आठवड्यातून तीन दिवस नातवंडांकडे येतात. लॅटिन घरात कुणालाच येत नव्हतं. मुलगी एका समूहगायनाच्या गटात जायला लागली, तिथे लॅटिन रचना गायल्या जात, आणि आपण काय गातोय ते तिला कळेना. लॅटिनची मागणी तिच्याकडून आली, ती अशी. आईला वाटलं, गाणं रोज चालूच आहे, त्यातच भाषाही बसवू. एका दगडात दोन पक्षी. जून ते मार्च या दहा महिन्यांत या बेताचं काय झालं, त्याचं हे टिपण.

वाचण्यापूर्वी एक खूण ध्यानात ठेवावी. इथे लॅटिन शब्द देवनागरीत दिले आहेत. अवग्रह (ऽ) म्हणजे आधीचा स्वर दीर्घ, दोन मात्रांचा. इ-ई, उ-ऊ नेहमीसारखे. काना दिसला तरी पुढे अवग्रह नसेल तर तो स्वर ऱ्हस्वच धरायचा. मुलांच्या वहीत ही पद्धत नव्हती, आणि ती का चालली नाही ते पुढे येईलच.

दिवाळीपर्यंत

जूनमध्ये इंग्रजी माध्यमातलं एक प्राथमिक लॅटिन पुस्तक घेतलं. रोज ४० मिनिटं लॅटिन, ५० मिनिटं गाणं आणि मधली १५ मिनिटं ‘गाऊन पाठांतर’. नामांची आणि क्रियापदांची रूपं चालीत बसवून म्हणायची. असल्या चाली इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. आईनं त्यातली एक भूप रागासारखी वाटणारी निवडली आणि हार्मोनियमवर साथ द्यायला सुरुवात केली.

दिवाळीपर्यंत मुलीला पहिल्या दोन गणांची नामरूपं आणि पहिल्या गणाच्या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं न अडखळता गाता येत होती. धाकटाही तिच्या मागोमाग गात असे. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्याइतकं ते छान झालं होतं. मग तिला एक साधं वाक्य दिलं:

नाउता पुएल्लाम् रोसाऽ ओऽर्नात्.

खलाशी मुलीला गुलाबाने सजवतो. चारही शब्द तिच्या ओळखीचे. तिनं लिहिलं: ‘गुलाब मुलीला सजवतो, खलाशी.’ का, असं विचारल्यावर तिनं ‘रोसा’ची चाल गुणगुणून दाखवली. पहिलं रूप रोसा आणि सहावं रूपही रोसा. मग हे पहिलं नाही हे कशावरून?

तिचं चुकलं नव्हतं. तिला जे शिकवलं होतं त्यात ही दोन रूपं खरोखरच एक झाली होती.

चालीनं काय खाल्लं

रोसा (गुलाब, प्रथमा) आणि रोसाऽ (गुलाबाने, गुलाबापासून) यांच्यात एकाच मात्रेचा फरक आहे. लॅटिनमध्ये ती मात्रा म्हणजे विभक्तीचा प्रत्यय आहे. आईनं निवडलेल्या चालीत दर रूपाच्या शेवटच्या अक्षरावर सूर दोन मात्रा ठेवलेला होता, कारण ओळ कुठेतरी विसावायला हवी. त्यामुळे प्रत्येक अंत्याक्षर दीर्घ झालं. भाषेत जो प्रत्यय होता तो गाण्यात निव्वळ ठेहराव झाला. रोज १५ मिनिटं याप्रमाणे साडेचार महिने मुलांनी चुकीची मात्रा सुरात पक्की केली, आणि सुरात पक्कं झालेलं सुटता सुटत नाही.

व्याकरणाच्या कोष्टकाला चाल लावणं ही होमस्कूलिंगमधली सर्वांत लोकप्रिय युक्ती आहे आणि आमच्या मते लॅटिनच्या बाबतीत ती सर्वांत महागात पडणारी आहे. इंग्रजीभाषक मुलांनाही ती नडतेच. पण मराठी मुलाचं नुकसान जास्त, कारण मात्रा मोजण्याचं जे कौशल्य त्याच्याजवळ आयतं असतं त्यावरच ती चाल पाणी फिरवते.

दुसरं कारण वहीत सापडलं. मुलगी लॅटिन देवनागरीत लिहून घेत होती. सुरुवातीला तिनं ‘रोस’ लिहिलं होतं. मराठी डोळा ते ‘रोस्’ असंच वाचतो, जसं ‘घर’चं आपण ‘घर्’ म्हणतो. म्हणून तिनं काना दिला, आणि काना दिला की आपल्या लेखी तो दीर्घच. म्हणजे शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व ‘अ’ उच्चारायचा असेल तर मराठी लिहिण्या-वाचण्याच्या सवयीत त्याला जागाच नाही. इकाराची तीच कथा: अंत्य इकार-उकार दीर्घ लिहायचा हा शुद्धलेखनाचा नियम अंगात इतका मुरलेला, की ‘निसि’ (नाही तर) या शब्दाचं पहिल्याच दिवशी ‘निसी’ झालं. ए आणि ओ यांना तर आपल्याकडे ऱ्हस्व रूपच नाही. लेगित् म्हणजे वाचतो, लेऽगित् म्हणजे वाचलं. देवनागरी वहीत दोन्ही ‘लेगित’. शेवटी देवनागरी वही बंद केली. लॅटिन रोमन लिपीत, दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन. देवनागरी फक्त मराठी अर्थासाठी. रेघ विसरली तर ते स्पेलिंग चुकलं असंच धरायचं. पुस्तकही अशा रेघा छापणारंच हवं. प्रौढांसाठीच्या अनेक पुस्तकांत त्या नसतात, आणि नवशिक्याच्या हाती ती पडली तर तो अंदाजपंचे वाचू लागतो.

तिसरं कारण म्हणजे मधली इंग्रजी. मराठी मुलाजवळ लॅटिनसाठी लागणारं बरंच सामान घरचंच असतं: तीन लिंगं, क्रियापद वाक्याच्या शेवटी, ‘ए’, ‘द’ ही भानगड नाही, आणि प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं ही कल्पना. पाणी, पण पाण्याला; तसं रेऽक्स (राजा), पण रेऽगेम् (राजाला). इंग्रजीतून शिकताना हे सगळं बाजूला ठेवून आधी शब्दक्रम मोडायचा आणि मग पुन्हा जोडायचा, हा द्राविडी प्राणायाम होतो. नोव्हेंबरपासून अर्थ फक्त मराठीत लिहायचा ठरलं.

मराठी मात्र दोन ठिकाणी पाय ओढते. एक लिंग. गुलाब आपल्याकडे पुल्लिंगी, रोसा स्त्रीलिंगी. मुलगी सतत ‘रोसा माग्नुस्’ लिहायची. हवं ‘रोसा माग्ना’. दुसरी अडचण जास्त खोल आहे. कितीतरी लॅटिन पुस्तकं सुरू होतात तीच ‘आमात्’ या क्रियापदानं: प्रेम करतो, आवडतं. पुएल्ला रोसाम् आमात्. याचं मराठी कान सांगतो तसं भाषांतर केलं तर ‘मुलीला गुलाब आवडतो’. आता ‘मुलीला’ पाहून मुलगी लॅटिनमध्ये चतुर्थी घालते, आणि गुलाब प्रथमेत जातो. वाक्य उलटं होतं. शिवाय आपला ‘ला’ द्वितीयेलाही चालतो आणि चतुर्थीलाही. यावर तोड सोपी आहे: पहिले दोन महिने ‘आमात्’ला हातच लावायचा नाही. पोर्तात् (नेतो), विदेत् (पाहतो), वोकात् (बोलावतो) ही क्रियापदं घ्यायची, जिथे मराठीतही कर्ता प्रथमेतच राहतो. भूतकाळही उशिरा, तिथे आपला ‘ने’ येऊन घोटाळा करतो.

विभक्तीच्या क्रमाचा गोंधळ वेगळाच. इंग्लंडमधल्या पुस्तकांत प्रथमेनंतर संबोधन आणि द्वितीया येतात. इतर पुष्कळ पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी आणि चतुर्थी. घरात एक क्रम पुस्तकाचा होता, दुसरा चालीचा. आजोबांनी दोन्ही मोडीत काढले आणि संस्कृतचा क्रम लावला. प्रथमा रोसा, द्वितीया रोसाम्, तृतीया रोसाऽ, चतुर्थी रोसाइ, पंचमी पुन्हा रोसाऽ, षष्ठी रोसाइ. तृतीया आणि पंचमी एकाच रूपात, सप्तमीचं बरंचसं कामही त्याच रूपाकडे. असं मांडल्यावर त्या रूपाच्या ‘ॲब्लेटिव्ह’ या इंग्रजी नावाचा बागुलबुवा उरला नाही. मुलीनं वहीत त्याला ‘तीन-पाच’ असं नाव दिलं आणि ते टिकलं.

लोकाभिरामं

खरी कलाटणी नोव्हेंबरच्या मध्यावर. समूहगायनाच्या गटात मुलीला ‘उत् क्वेआन्त् लाक्सीस्’ हे स्तोत्र मिळालं होतं. संत योहानाचं हे लॅटिन स्तोत्र आठव्या शतकातल्या पौलुस डायकोनुस याच्या नावावर सांगतात. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सो इथल्या ग्विदोनं गायकमुलांना सूर ओळखायला शिकवण्यासाठी ते वापरलं आणि तिथून ते संगीताच्या इतिहासात गेलं. त्यातल्या प्रत्येक अर्ध्या ओळीची सुरुवात आधीच्यापेक्षा एका सुरानं वर होते, आणि त्या त्या अर्ध्या ओळीचं पहिलं अक्षर हेच त्या सुराचं नाव झालं: उत्, रे, मी, फा, सोल्, ला. उत् तोंडात अडतो म्हणून सतराव्या शतकात त्याचा ‘दो’ झाला. सातवा सूर या स्तोत्रात नाहीच. त्याचं ‘सि’ हे नाव पुढे शेवटच्या चरणातल्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं.

मुलगी ओळी सपाट आवाजात पाठ करत होती. आजोबांनी ऐकून विचारलं, हे इंद्रवज्रेत आहे का? आणि लगेच म्हणाले, नाही, दुसऱ्या अक्षराला ठेच लागतेय.

त्यांचा कान बरोबर होता. रामरक्षेतली ‘लोकाभिरामं रणरंगधीरं’ ही ओळ घ्या. इंद्रवज्रा वृत्ताचे गण: त, त, ज, ग, ग. अकरा अक्षरं, गा गा ल गा गा, ल ल गा ल गा गा (गा म्हणजे गुरू, दोन मात्रा; ल म्हणजे लघू, एक मात्रा). आता लॅटिन ओळ: गा ल गा गा गा, ल ल गा ल गा गा. गणांत सांगायचं तर र, त, ज, ग, ग. या वृत्ताला पाश्चात्त्य परंपरेत सॅफो या ग्रीक कवयित्रीचं नाव आहे. दोन्हींत अकरा अक्षरं, दोन्हींत सात गुरू आणि चार लघू, म्हणजे १८ मात्रा. दोन्हींत पाचव्या अक्षरानंतर थांबता येतं. फरक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरात: तिथे गुरू-लघूची अदलाबदल.

लघू-गुरू ठरवायचे नियमही ओळखीचे निघाले. स्वर दीर्घ असेल तर गुरू, पुढे दोन व्यंजनं आली तर गुरू. दोन अपवाद तेवढे सांगावे लागले. ‘क्व’ हे लॅटिनमध्ये एकच व्यंजन धरतात, जोडाक्षर नव्हे. आणि ब्र, त्र, प्ल अशा जोडाक्षराआधीचं अक्षर लघू राहू शकतं. मराठीत आघात येत नसेल तर ‘तुम्ही’तला ‘तु’ लघूच राहतो, तसं.

झपतालात

१८ मात्रा म्हटल्यावर आईनं सहा मात्रांचा दादरा धरला. सहा त्रिक अठरा, हिशोब चोख. पण म्हणायला गेल्यावर मुलं पडली. दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे त्याची पहिली मात्रा, ओळीच्या सातव्या मात्रेवर, आणि सातवी मात्रा म्हणजे ‘लाक्’ या अक्षराचा उत्तरार्ध. तिसरी समही अशीच एका गुरू अक्षराच्या पोटात. समेवर अक्षर सुरू व्हावं ही मुलांची सवय, म्हणून ती ‘लाक्’ आखडून पुढचं अक्षर समेवर ओढत. हिशोब जुळतो, आघात जुळत नाही. त्रितालात १६ नंतर २ मात्रा उरतात, तोही बाद.

उत्तर मध्यावरच्या विरामात होतं. अर्धी ओळ ९ मात्रांची. तिला १ मात्रेची विश्रांती जोडली की १०. झपताल. आणि तो नुसता संख्येनं बसत नाही, २-३-२-३ अशा खंडांनीही बसतो:

धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना
लो ऽ | का ऽ भि | रा ऽ | मं ऽ –
र ण | रं ऽ ग | धी ऽ | रं ऽ –
उत् ऽ | क्वे आन् ऽ | लाक् ऽ | सीस् ऽ –
रे सो | ना ऽ रे | फी ऽ | ब्रीस् ऽ –

(इथे ऽ म्हणजे आधीच्या अक्षराचीच पुढची मात्रा, आडवी रेघ म्हणजे विश्रांती.)

‘खाली’वर, म्हणजे सहाव्या मात्रेवर जिथे टाळी नसते तिथे, आलेलं अक्षर दर वेळी गुरू. इंद्रवज्रा आणि हे वृत्त यांच्यातला फरक दुसऱ्या खंडाच्या तीन मात्रांत मावतो: ‘का ऽ भि’ आणि ‘क्वे आन् ऽ’. धाकट्यालाही तो टाळीवर लगेच कळला. आणि ग्विदोची युक्तीही इथे हाताला लागते, कारण त्याची दर अर्धी ओळ म्हणजे झपतालाचं एक आवर्तन. मीरा गेस्तोऽरुम्, फामुली तुओऽरुम्, सोल्वे पोल्लूती, लाबिई रेआऽतुम्: प्रत्येक समेवर नवं सुरनाम.

लयीबद्दल. मिनिटाला ६० मात्रा ठेवल्या तर अर्ध्या ओळीला १० सेकंद लागतात, मुलांचा श्वास तुटतो आणि लघू-गुरू लांबत जातात. १२० वर ५ सेकंद. ही म्हणण्याजोगी लय. सुरुवात ९० वर करून आठवडाभरात १२० वर आणली. सगळं पठण एकाच सुरावर, षड्जावर. इथे चाल आणायची नाही. संथा देतात तसं: एकदा मोठ्यानं, दोनदा मुलांनी.

हे शिकवण्याचं साधन आहे, एवढं भान ठेवायला हवं. लॅटिन स्तोत्र मठांत झपतालात कुणी म्हणत नव्हतं, आणि रामरक्षाही कुणी ठेक्यावर म्हणत नाही. ग्रेगोरियन गायन तालाबाहेरचं, शब्दाच्या ओघानं चालणारं. म्हणून नियम केला: ठेका असेल तेव्हा चाल नाही, चाल असेल तेव्हा ठेका नाही.

स्तोत्र ख्रिस्ती प्रार्थनेचं आहे, त्याला आजोबांची हरकत नव्हती. ज्या घरात असेल त्यांनी रोमन कवी होरेसची ‘इन्तेगेर् वीताइ | स्केलेरिस्क्वे पूरुस्’ ही ओळ घ्यावी. खंड न् खंड तसाच बसतो. इ.स.पू. १७ मध्ये रोमच्या महोत्सवात होरेसचं याच वृत्तातलं स्तोत्र २७ मुलगे आणि २७ मुलींनी गायलं होतं, तेव्हा मुलांच्या तोंडी हे वृत्त असणं नवं नाही.

अर्थ लावताना मराठीचा पुन्हा फायदा झाला. ‘तुझ्या सेवकांना मोकळ्या कंठानं तुझ्या कृत्यांतली नवलं गाता यावीत म्हणून, मळल्या ओठांचा दोष दूर कर, संत योहाना.’ लॅटिनमध्येही ‘म्हणून’चं उपवाक्य आधी आणि आज्ञा नंतर, त्यामुळे ओळी जशा येतात तशा उलगडतात. ‘गेस्तोऽरुम्’ आणि ‘तुओऽरुम्’ यांच्यामध्ये ‘फामुली’ येऊन बसला आहे. पण दोन्हींचा षष्ठीचा प्रत्यय ऐकू येतो, म्हणून ‘तुझ्या कृत्यांची’ हे मुलीनं स्वतःच जोडलं.

चाल बसवताना

डिसेंबरात मूळ चाल घेतली. पहिल्या अर्ध्या ओळीचे सूर, उत् म्हणजे सा धरून: सा, रे, म, रेग, रे. आईनं तानपुरा ॲप पांढरी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) षड्जावर लावला आणि मुलीला गायला सांगितलं. ओळ रे वर संपते. मुलगी दर वेळी शेवटी घसरून सा वर जाई. सूर कच्चा म्हणून नव्हे. समोर षड्ज अखंड वाजत असताना रे वर विसावायला कान तयार होत नाही.

या चालीचा विश्रांतिस्वर रे हाच आहे. तेव्हा तानपुरा एका सुरानं वर, पांढरी दोनच्या षड्जावर नेला. आता तेच सूर असे झाले: मंद्र कोमल नी, सा, कोमल ग, सारे, सा. काफी थाट. मुलगी पहिल्याच फेरीत सा वर स्थिरावली. ज्या चाली रे वर विसावतात त्या काफीच्या, मी वर विसावणाऱ्या भैरवीच्या, फा वर कल्याणच्या, सोल् वर खमाजच्या सप्तकात ऐकू येतात. चाल समोर आली की आधी शेवटचा सूर पाहायचा आणि तानपुरा त्यावर लावायचा.

यातून एका सुराला दोन नावं आली, आणि दोन आठवडे मुलगी चिडलेली होती. ग्विदोचा ‘रे’ आता तिचा ‘सा’. तोडगा असा निघाला: ग्विदोची नावं फक्त डाव्या हाताच्या पेरांवर दाखवत म्हणायची, सरगम फक्त हार्मोनियमवर. पेरांवर सूर मोजणं हेही मध्ययुगीन गायनशाळांतलंच. जप पेरांवर मोजताना पाहिलेल्या मुलांना त्यात काही नवल वाटलं नाही.

लिपीसाठी खास कागद लागला नाही. ग्रेगोरियन लिपी चार रेघांवर असते आणि इंग्रजी गिरवायची चाररेघी वही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. फक्त मधली फट अरुंद असलेली वही टाळायची. रेघा सारख्या अंतरावर हव्यात, नाहीतर मुलाला रेघेवरचा सूर आणि फटीतला सूर यांतलं अंतर कमी-जास्त वाटतं. नाशिकला स्वरलिपीचं अप्रूप नसावंच: १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे आणि स्वतःची स्वरलिपी बांधणारे विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात पंचवटीतच राहत होते.

उच्चाराचा प्रश्न मात्र चाल आल्यावरच पेटला. वाचताना मुलं प्राचीन रोमन उच्चार करत, गटात चर्चचे इटालियन वळणाचे. काइलुम् (आकाश) तिथे ‘चेलुम्’ होतो. दोन्ही ठेवायचे तर फरक कुठे कुठे ते बोटावर मोजता यावं. मुलीनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले: ‘आइ’चा ‘ए’; ए-इ आधी ‘क’चा ‘च’, आणि हा च चहातला, चमच्यातला नव्हे; ए-इ आधी ‘ग’चा ‘ज’, तोही जिन्यातला; ‘ग्न’चा ‘न्य’; आणि स्वराआधीच्या ‘ति’चा ‘त्सि’. या शेवटच्या ठिकाणी मात्र आपला चमच्यातला च जवळजवळ जसाच्या तसा चालतो. चर्चच्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाहीत, म्हणून ठेक्यावरचं पठण कायम प्राचीन उच्चारात आणि गायन गटाच्या उच्चारात.

धाकटा

आठ वर्षांच्या मुलाकडून लिहून घेणं डिसेंबरात थांबवलं. त्याचं इंग्रजी वाचन अजून बसलेलं नव्हतं. ‘सी’ या अक्षराचा इंग्रजीत कधी स, कधी क, लॅटिनमध्ये कायम क, आणि गटात मध्येच च. त्याच्या इंग्रजी वहीत ‘सिटी’ची ‘किटी’ दिसायला लागली तेव्हा आईच्या ते लक्षात आलं. त्याच्यासाठी आता फक्त ठेका, पठण आणि आजोबांबरोबरचा शब्दांचा खेळ: सेप्तेम् सप्त, देन्तेम् दन्त, इग्निस् अग्नि, एस्त् अस्ति. या खेळातही एक खाच आहे. नुसत्या सारखेपणावर जोड्या लावायला लागला की मुलगा ‘माला’ (वाईट, स्त्रीलिंगी) ऐकून फुलांची माळ म्हणतो. म्हणून जोडी आजोबांनी सांगायची, त्यानं पाठ करायची.

वेळ आणि परीक्षा

जानेवारीपासूनचं वेळापत्रक: लॅटिन वाचन २५ मिनिटं, ठेक्यावरचं पठण १० मिनिटं, गाणं ४५ मिनिटं. लॅटिन आठवड्यातून पाचच दिवस. नाशिकच्या जानेवारीतल्या गारठ्यात सकाळी सातला आवाज लागत नाही, म्हणून पठण आधी आणि गाणं उन्हं आल्यावर.

परीक्षेचं गणित थोडक्यात. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) माध्यमिक परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तिच्या विषयांत हिंदुस्थानी संगीत आहे, संस्कृत आहे, लॅटिन नाही. गाण्यासाठी मुलीला प्रवेशिका प्रथमला बसवायचं आहे. लॅटिनला बाहेरचा कस नाही, म्हणून दर महिन्याला साठेक शब्दांचा अनोळखी उतारा: ४० मिनिटं, शब्दकोश चालेल, रूपांची कोष्टकं चालणार नाहीत. उतारा आधी मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि मात्रा चुकली तिथे पेन्सिलीची खूण करायची. सलग तीन महिने असं दिसलं की अर्थाच्या बहुतेक चुका त्या खुणांपाशीच निघतात.

मार्चमध्ये तिला खलाशाचं वाक्य पुन्हा दिलं, या वेळी वरच्या रेघा न देता. तिनं ते दोन तऱ्हांनी म्हणून पाहिलं आणि रेघ स्वतः दिली: दोन प्रथमा असत्या तर क्रियापद ‘ओऽर्नान्त्’ असतं, म्हणाली.

राहिलेलं

स्तोत्राचा चौथा चरण, ‘सांक्ते योहान्नेस्’, अजून तालात बसलेला नाही. गा ल ल गा गा, ८ मात्रा. झपतालात घातला तर पाचवी मात्रा ‘हान्’ची आणि सहावीही ‘हान्’चीच, म्हणजे ‘खाली’ अक्षराच्या मधोमध येते. मध्ये विश्रांती द्यावी तर शब्द तुटतो. आठ मात्रांच्या केरव्यात तो नेमका एक आवर्तन होतो, पण तीन चरण झपतालात म्हणून चौथ्याला ठेका बदलणं मुलांना जमत नाही, आईलाही नाही. सध्या तो ठेका थांबवून मोकळा म्हणतात.

पुढच्या जूनमध्ये रोमन कवी व्हर्जिलचं वृत्त घ्यायचं आहे. सहा पदं, प्रत्येकी ४ मात्रा, एकूण २४. केरव्याची तीन आवर्तनं. कागदावर सुरेख दिसतं. पण त्यातला विराम बहुधा तिसऱ्या पदाच्या मधोमध येतो, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाच्या दोन मात्रा झाल्यावर. दादऱ्यात जे झालं तेच इथे होणार की विश्रांती न देता नुसता श्वास घेऊन भागेल, यावर आई आणि आजोबांचं अजून एकमत झालेलं नाही.